मान वळवली, खाडी मागून वळली

गुरुवार, नेरूळ, १९९७

सुजाताचा फॉर्म आजही दिवसभर माझ्या पर्समध्येच राहिला. परदेशातल्या लॅबमध्ये सहा महिने, तिथले संशोधक पीएचडीच्या मुलांना हाताला धरून शिकवणार. फक्त गाईडची सही हवी. गाईड मी. ती गेली तर आमची लॅब कोण बघणार, असं म्हणत आठवडाभर टाळतेय.

खरं कारण वेगळं आहे. तिथं तिला विचारतील, गाईडनं काय शिकवलं? मी तर आमच्या लॅबमधलं ते व्हर्च्युअल रिॲलिटीचं हेल्मेट दोन वर्षांत एकदाही घातलं नव्हतं. मला चक्कर येईल, असं म्हणून टाळायचे. आज ती म्हणाली, "मॅडम, एकदा तरी घाला ना. आमच्या सारसोळे गावची खाडी हाय त्यात."

घातलं. मान वळवली, तर खाडी जरा उशिरानं वळली. हेल्मेट काढलं.

"अगं, चित्र मागून का येतं?"

ती हसली नाही. "मॅडम, हेच तर मी दोन वर्षं तुमाला विचारतेय."

घरी येऊन तिचे सगळे रिपोर्ट काढले. प्रत्येकात हा प्रश्न आहे. आणि प्रत्येकात शेजारी माझ्या लाल शाईत: स्पेलिंग तपासा.

दमलेय. फॉर्मवर सही केली. त्याआधी 'मार्गदर्शक' या शब्दाखाली पेन किती तरी वेळ नुसतं टेकून होतं.