ओव्हन कुणी लावायचा?

१२ आबान, शनिवार
इराणात आठवडा शनिवारी सुरू होतो, म्हणून नवा आठवडा, नवा मी. पहाटे सहाला उठणे, रोज एक प्रयोग. (उठलो साडेनऊला. उद्यापासून.) नायलॉनचे दाणे आले. वितळवून ते किती घट्ट वाहतात ते मोजायचं. आधी ओव्हनमध्ये रात्रभर वाळवायचे. निघताना मी म्हणालो, ओव्हन मी लावतो. लॅबचे जुने तंत्रज्ञ नेमत आगा म्हणाले, छे, अर्दलानजान, मग हा म्हातारा कशाला आहे? म्हटलं, लाजवू नका. ते म्हणाले, माझी शपथ आहे तुम्हाला. दहा मिनिटं हेच. मग दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दोघेही बाहेर. सभ्यपणात अख्ख्या इस्फहानमध्ये मला तोड नाही.

१३ आबान, रविवार
अबब! वितळलेलं नायलॉन मिनिटामिनिटाला पातळ होतंय! कुठल्याच पुस्तकात हे नाही (दोन चाळली). नाव ठरलं: अर्दलान परिणाम. आईला फोन केला. तिनं शेजारणींना सांगूनही टाकलं.

१५ आबान, मंगळवार
विभागापुढे भाषण. नवा कोट. माझ्या गाईड तवक्कोलीबाईंनी एकच विचारलं, दाणे वाळवले होतेस ना? ओल्या नायलॉनच्या साखळ्या तुटतात, ते पातळ होणारच, पहिल्या वर्षाची पोरंही सांगतील. म्हणालो, ते काम नेमत आगांकडे होतं.
नेमत आगा मागच्या बाकावरून उठले. छातीवर हात ठेवून म्हणाले, चूक माझीच, माफी असावी. मी पुढची स्लाइड लावली. तसं पाहिलं तर मी खोटं बोललो नाही.

१६ आबान, बुधवार
बोललो. खोटंच बोललो. ओव्हन लावतो असं आधी मीच म्हणालो होतो, आणि त्या आग्रहात तो कुणीच लावला नाही. बावीस वर्षं नायलॉन मोजायचं यंत्र आगांच्या हाताखाली आहे. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतात. आता त्यांना टपालखोलीत बसवणार म्हणे. स्वतःची लाज वाटते. शनिवारी बाईंना खरं सांगणार. नक्की.

१९ आबान, शनिवार
सर्दी.

२० आबान, रविवार
बाईंचं दार बंद होतं. कामात असतील. वाजवलं नाही.

२१ आबान, सोमवार
गेलो. म्हणालो, चूक माझी, ओव्हन मीच लावला नाही. बाई म्हणाल्या, राहू दे रे. पुन्हा म्हणालो. त्या हसल्या. तिसऱ्यांदा म्हणताना रडूच आलं. तर त्यांचेही डोळे भरले. म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यायला हल्ली कोण एवढं करतं? गुणाचा आहेस. पण आगांची चूक ती आगांची. बदलीच्या कागदावर सही करून माझ्याच हातात दिला, नेऊन दे म्हणाल्या.
मी 'आपली कृपा' म्हणालो. आणि नेऊन दिला.
नेमत आगा उठून उभे राहिले. म्हणाले, अहो, तुम्ही कशाला तसदी घेतलीत?