बिदाईचा बिटरेट

बाबा, इतवारीतल्या आपल्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात आता प्लास्टिकच्या बादल्या विकतात. मी मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये एकटी असते आणि लोकांच्या लग्नांच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देते.

डीव्हीडी नवी नवी आली तेव्हा एक अख्खं लग्न मी एकाच डीव्हीडीत कोंबलं होतं. त्यासाठी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणारी जागा, फार खाली आणली. तुम्ही स्टुलावर बसून पाहत होता. अक्षता उडाल्या आणि पडद्यावर नुसते चौकोन. पुढे बिदाईतही तेच. तुम्ही आवाज चढवला नाही. म्हणालात, "लोक जेवून राहिले तिथं कमी दे. बिदाईत काहून कंजुषी करून राहिली वं?" आणि ते लग्न दोन डीव्हीडींत करून द्यायला लावलंत.

परवा रामदासपेठेतून एक बाई आल्या. त्यांचं लग्न तुम्हीच शूट केलेलं. त्यांची आई नुकतीच गेली. तिचा हलता चेहरा त्या एका कॅसेटमध्येच उरलाय. भावाला मोबाइलवर पाठवता येईल अशी लहान फाइल त्यांना हवी होती. करून पाहिली. मांडवातला अंधुक उजेड, कॅसेटची खरखर, त्यात आई मान वळवते आणि चेहरा मेणासारखा पसरतो. मी बिटरेट वाढवत गेले. आधी सुरकुत्या आल्या, मग डोळ्यांतलं पाणी. फाइल मात्र मोबाइलवरून जाण्याजोगी राहिली नाही. पेनड्राइव्हवर देते, पण आधी इथं येऊन मोठ्या पडद्यावर पाहा, असं मी त्यांना कळवलं.

आल्या. पडद्यावर नवरी मुलगी गाडीत बसलीय, आई पाठमोरी उभी आहे. कॅमेऱ्यामागून तुमचा आवाज येतो, "काकू, जरा इकडं पाहा." आई वळते. बाईंनी माझा हात धरला. "पुन्हा लावा ना ताई." मी पुन्हा लावते, परत लावते. त्या आईला पाहताहेत, मी तुम्हाला ऐकतेय. हा आवाज कोणाचा, ते मी त्यांना सांगितलं नाही. ती वेळ त्यांची होती.

त्या गेल्या, मी चहाचे कप विसळले. तुम्ही इतकं हळू बोलायचा, हे मी पार विसरले होते बाबा.

हे लिहिलेलं कुठे पाठवणार! एक मात्र सांगते. तुमचं तेवढंच वाक्य मी वेगळं कापून ठेवलंय, आवाजाचा बिटरेट सगळ्यात वर करून. कॅसेटवर जे नाही, ते त्यानं येत नसतं. मला माहीत आहे. तरी वरच ठेवलाय.