घरचा नंबर

अर्विंग, टेक्सास, जुलै

प्रिय शंतनू,

मेसेज केला असता तर अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून हाताने लिहिते आहे. ईमेल कोणी वाचत नाही, हाताने लिहिलेली चिठ्ठी पोराची आई फ्रिजवर लावते, हे तुझंच मत. संघात घ्यायच्या शेकडो पोरांना तू अशा चिठ्ठ्या लिहिल्यास. मला लग्नाआधीसुद्धा एक आली नाही. नागपूर सोडलंस तेव्हा पाचवीत होतास, त्यामुळे तुझं मराठी वाचन अडखळत चालतं. आज तेच बरं, एकेक शब्द वाचशील.

आधी मुद्द्याचं. घर आणखी दोन वर्षं ठेवायचं की सोडायचं, हे घरमालकाने शुक्रवारपर्यंत कळवायला सांगितलंय. तुला विचारलं की "बघू" म्हणतोस आणि गाडीची किल्ली उचलतोस. आन्याने मागच्या वेळी घर बदललं तेव्हाचा एक खोका कालपर्यंत उघडलेला नव्हता. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "व्हाय बॉदर, आई? वी विल मूव्ह एनीवे." नऊ वर्षांच्या पोरीने इतकं शहाणं असू नये. तुझ्या नोकऱ्यांपायी आपण पाच गावं फिरलो, आणि दर गावात ती नव्याने मैत्रिणी करते. या वेळी तिने केल्याच नाहीत. मला आता हे घर हवंय, इतकं सरळ आहे.

तिकडे पुण्यात आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय की जावई अमेरिकेत कॉलेजात शिकवतात. प्रतिमामावशीने विषय विचारला तर म्हणाली, फिजिक्स. खोटं तरी कसं म्हणू? चेंडू बोटांतून सुटताना कसा फिरतो यावर तू जेवताना बोलत बसतोस आणि आमटी गार होते. शेवटी मीच मावशीला समजावलं, बेसबॉलमधल्या गोलंदाजांचा मास्तर आहे, शिवाय गावोगाव हिंडून कॉलेजच्या संघासाठी शाळेतली पोरं हेरतो, त्यांच्या घरी जाऊन आईबापांना पटवतो. मावशी म्हणाली, म्हणजे स्थळं बघतो.

मावशीचं काही चुकलं नाही. एकदा मी तुझ्याबरोबर एका पोराच्या घरी आले होते, तेव्हा पाहिलंय. बूट दाराशी काढायचे. सोफ्यावर न बसता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचं, पुढ्यात येईल ते दोनदा वाढून घ्यायचं, आणि बापाशी नाही, आईशी बोलायचं. आपल्या घरी मात्र डबा उघडून उभ्याउभ्या खातोस. निघताना त्या पोराच्या आईला तू माझा नंबर दिलास. कोचच्या मागे एक घर आहे हे आईला कळलं पाहिजे म्हणे. तेव्हापासून टेक्सासभरच्या आया मला फोन करतात. पोरगा जेवतो का, चादर धुतो का, सर्दी झालीय, काय देऊ? एकीला मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये हळदीचं दूध सांगितलं आणि माइक चालू होता.

पोरांना पहिल्या दिवशी सांगतोस, हात दुखला तर लपवायचं नाही, लगेच बोलायचं. स्वतः सीझनभर गप्प बसून खांदा घालवलास, म्हणून सांगतोस. शिकवतोस छान. शिकलास काय, देव जाणे.

जूनमध्ये तुमचा मुख्य कोच दुसऱ्या कॉलेजात गेला. तू म्हणालास, आपल्याला काही फरक पडत नाही. मी मान डोलावली. पण धुण्यात कॉलेजचे टी-शर्ट येईनासे झाले. तू साध्या शर्टात "पोरं बघायला" निघतोस, आणि आल्यावर कुणाचं नावही घेत नाहीस. एरवी कोणाचा कोपर कसा वळतो हे मला पाठ व्हायचं. कपडे मी धुते, शंतनू. आंधळी नाही.

आणि रविवारी लबकहून डेनिसचा फोन आला. तिच्या मुलाला तू हिवाळ्यात निवडलं होतंस. नव्या कोचने आपली माणसं आणली, तुला काढलं, आणि तू शब्द दिलेल्या पोरांच्या जागाही काढून घेतल्या. हे सांगायला तू पाच तास लबकपर्यंत गाडी हाकलीस, तिच्यासमोर बसून तिच्या पोरासाठी दुसऱ्या कॉलेजांना फोन लावलेस. मला सगळं माहीत असणार असं धरून ती आभार मानत होती. म्हणाली, "रुचा, ही लॉस्ट हिज ओन जॉब, अँड ही केम टू टेल अस फर्स्ट." त्या फर्स्टवर मी दोन दिवस चरफडते आहे. सगळ्या आयांना आधी सांगितलंस, आणि नंबर माझा देऊन ठेवलास. कळणार नाही असं वाटलं तरी कसं तुला? खूप रागावले आहे. तुझा अभिमान वाटतो, त्याचा तर जास्तच राग येतो. घर ठेवतोय असं मी आज सकाळी घरमालकाला कळवून टाकलं, माझ्या पगारात भागेल. खोका आन्याने आणि मी मिळून उघडला. हे पत्र फ्रिजवर लावते आहे. वाचलंस की बूट दाराशी काढ, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बस, आणि त्या बायकांशी बोलतोस तसं माझ्याशी बोल. आमटी गरम आहे. दोनदा वाढीन.

चिडलेली, तरी तुझीच,
रुचा