फक्त फॉरमॅटिंग राहिलंय

३ मार्च
प्रबंध झाल्यातच जमा आहे. राहिलं काय, तर फॉरमॅटिंग आणि शेवटचं प्रकरण, म्हणजे निष्कर्ष. निष्कर्ष डोक्यात तयार आहे, उतरवायला एक दुपार पुरे. मुदत वीस तारखेची; हुकली तर नोंदणी रद्द. पण मुदतीची भीती नाही. भीती आहे ती विद्यापीठात प्रबंध जमा करायच्या खिडकीवरच्या पट्टीवाल्या काकांची. ते फूटपट्टी ठेवून डावा समास मोजतात. जरा कमी भरला की बाइंड केलेला प्रबंध परत. मागच्या आठवड्यात एक मुलगी तिथेच रडायला लागली. घरी आलो तर मला जेवण जाईना.

६ मार्च
समास दीड इंच केला. सगळी कोष्टकं पानाबाहेर गेली. कोष्टकांपुरती पानं आडवी करायला गेलो, तर अख्खा प्रबंधच आडवा झाला. बायको म्हणाली, आधी निष्कर्ष लिहून टाक. तिला वर्डमधलं काही कळत नाही.

१० मार्च
गाइड मॅडमचा फोन. शेवटचं प्रकरण कुठवर आलं? म्हणालो, फक्त फॉरमॅटिंग राहिलंय. हे तसं खोटं नाही. फोन ठेवून घाम पुसला. लोक रस्ता कुठे ओलांडतात, हे प्रबंधासाठी चौकाचौकांत उभं राहून वर्षानुवर्षं टिपलं. बायको म्हणते, सोयीचं पडेल तिथे ओलांडतात, एवढंच ना? एवढंच कसं असेल? एवढंच असलं तर मी मेलो.

१४ मार्च
पृष्ठक्रमांक नीट बसावेत म्हणून निष्कर्षाच्या जागी तूर्त 'मजकूर मजकूर मजकूर' असं पेस्ट करून बारा पानं भरली. अनुक्रमणिका काय देखणी आली! खरा निष्कर्ष उद्या टाकतो. उद्या नक्की.

१७ मार्च, दुपार
मधले दिवस संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांनी खाल्ले. मॅडमनी 'प्रबंध तपासला आहे' अशा प्रमाणपत्रावर सही केली. प्रबंध आधी बघू का, असं विचारत होत्या. मी म्हणालो, कशाला त्रास, सगळं तयार आहे. "तुझ्या भरवशावर करतेय हं," म्हणाल्या. जिना उतरताना दोनदा थांबलो. बहुतेक उपाशी असल्यामुळे.

१९ मार्च
बाइंडिंगवाल्याकडे ही रांग. आत्ता दिलं नाही तर उद्या मिळणार नाही म्हणाला. पेन ड्राइव्ह देऊन टाकला. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतंय. मला नेहमीच वाटतं.

२० मार्च
पट्टीवाल्या काकांनी एकेका प्रकरणाला पट्टी लावली. शेवटच्या प्रकरणावर पट्टी जरा जास्तच रेंगाळली. मग म्हणाले, समास अगदी बरोबर. शिक्का मारला. मी बाहेर येऊन पायरीवरच बसलो. जिंकलो.

२८ मार्च
सकाळी मॅडमचा फोन. प्रती परीक्षकांकडे पोचल्यात. त्यांच्यापैकी एकांनी मॅडमना फोन करून शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. मी म्हणालो, पृष्ठक्रमांक मात्र बरोबर आहेत ना. आता ओरडतील म्हणून फोन कानापासून लांब धरला. ओरडल्या नाहीत.

"त्यावर माझी सही आहे रे," म्हणाल्या.

आवाज कापत होता. आजवर मला वाटायचं, घाबरणारा मी एकटाच आहे.