मालकाच्या नटावर नट

बाबा, मेलेल्या माणसावर राग काढणं बरं नव्हे, हे मलाही कळतं. पण जिवंतपणी तुम्ही काढू दिलात कधी? तोंड उघडलं की "गप बस बे" ठरलेलं. आता ऐका.

त्या दसऱ्याचं बोलतोय. तुम्ही खामगावच्या जिनिंगमध्ये फिटर, मी शेजारच्या जिनिंगमध्ये फिटर, लेकराबाळांचा झालेला. हंगामाआधी तुम्ही सरकी काढायची सगळी यंत्रं उघडून, पुसून पुन्हा बसवली होती. पहिल्या यंत्राचा एक नट तेवढा मोकळा ठेवला होता, कारण तो मालकाच्या मानाचा. नारळ फुटला, मालकांनी रेशमी कोटाची बाही मागे सारून पाना धरला, नट जरासा फिरवला, वर कुंकू लावलं. सगळे खूश. आणि नट कुठला? कापसातून सरकी झोडून काढणाऱ्या सुरीच्या दांड्याचा! दिवसभर थडथड हलणारा दांडा. अशा जागी एकटा नट टिकत नाही, आटे कितीही चांगले असोत, हादऱ्यानं सुटतोच. त्यावर दुसरा नट आवळायचा, हे मला शिकवलं कोणी? तुम्हीच ना? वायसर विसरला म्हणून माझ्या पाठीत धपाटा घालणारे तुम्ही!

तुमच्याकडे पूजेला आलेला मी जवळ येऊन हळूच म्हणालो, "बाबा, वरचा नट राह्यला. अन् हा बी ढिला हाय. कसून घ्या न."

तुम्ही माझ्यावरच डोळे वटारले. "मालकाच्या नटावर नट चढवतेत काय बे? त्याईच्या हातचं कुंकू हाय त्याच्यावर."

"पन त्या यंत्रावर माय बसते."

"काई होत नाई."

वा रे काही होत नाही! हंगाम ऐन भरात आला आणि नट सुटला, दांडा निखळला. माय कापूस आत सारत होती. उजव्या हाताची बोटं गेली. नागपूरहून कारखान्यांचा इन्स्पेक्टर साहेब आला, तेव्हा मालक म्हणाले, बाई गाफील होती, हात पुढे घातला. साहेबानं तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "हाव साहेब." स्वतःच्या बायकोबद्दल! कसला आलाय तो मान? कुणाचा?

मग माय डाव्या हातानं भाकर थापायची. ती कडेला फाटायची, तव्यावर टाकताना तुटायची, आणि तुम्ही ते तुकडे खाली मान घालून खायचात. एकदा चुलीपाशी मी तुम्हाला बोलायला लागलो तर मायच म्हणाली, "जेवू दे त्याईले." तिला राग नव्हता असं समजू नका. तुम्ही गेल्यावर पुष्कळ दिवसांनी ती मला म्हणाली, "बोटं गेली त गेली. पन मी गाफील होती म्हने, अन् यायनं हाव म्हनलं." ते सोबत घेऊनच ती गेली.

आता मलकापुरात मी मोठा फिटर आहे. परवा दसरा झाला, इथल्या मालकांनीही मानाचा नट फिरवला. यंत्राशेजारी कामाच्या बाया उभ्या होत्या. मी पुढे झालो, तो नट पुन्हा कसला, वर दुसरा चढवला, पिन ठोकली. मालकांनी विचारलं, "काय फिटर, आमच्या हातावर भरवसा नाही वाटतं?"

उत्तर माझ्याजवळ कितीतरी वर्षांपासून तयार होतं. खामगावची ती बाई माझी माय होती, ती गाफील नव्हती, नट ढिला होता, असं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं होतं. पण हात जोडून मी म्हणालो, "तसं नाही शेठजी. तुमच्या हातचा नट हाय, म्हून जपून ठेवतो." ते हसले. माझी पाठ थोपटली.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, म्हणून लिहितो. नट पक्का बसला आहे, बाबा. पण मायचं नाव माझ्याही तोंडून निघालं नाही.