गप्पीचं बाळंतपण

श्रीरामपूर, बुधवार, १९७१

आज स्वारी चक्क रडली. कशासाठी, तर माशांसाठी! काचेच्या पेटीतली गप्पी व्याली. ती आपलीच पिल्लं गिळते, म्हणून यांनी पिल्लं बरणीत वेगळी काढली होती. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आईपासून लेकरं तोडू नये रे, लई पाप लागतं." झालं! आज्ञाधारक चिरंजीवांनी बरणी पुन्हा पेटीत ओतली. जेवून येईपर्यंत पेटीत एक पिल्लू उरलं नाही. "सगळी गेली गं," म्हणत पेटीपाशीच बसून राहिले.

माझ्या बाळंतपणात हेच गृहस्थ माझ्या माहेरी आले आणि मुलगी झाली हे ऐकून दारातूनच परतले. आज एवढे रडले, पण पिल्लांत माद्या किती होत्या, हे मात्र विचारलं नाही.