साफ काच, बाहेर उघडणारं दार

माय, तुझ्या जावयानं बाथरूममध्ये काचेचा शॉवर बसवायचा म्हटलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. स्वयंपाकघरातला गळका नळ या माणसानं सुतळी गुंडाळून दोन उन्हाळे चालवला. सारी नोकरी तुमसरच्या राईस मिलमध्ये काढली, पण घरी तांदळाचं रिकामं झालेलं पोतं उलटं करून झटकल्याशिवाय टाकून दिलं नाही. अशा माणसाला एकदम काच हवीशी झाली, तीही बिनचौकटीची. भिंतीला बिजागऱ्या, खाली रबराची पट्टी, आणि बाकी सगळी काचेची उघडी कड. फ्रेमलेस म्हणतात त्याला. मी विचारलं, "हे खूळ कोणं भरवलं तुमच्या डोक्यात?" हे म्हणाले, "कोणं नाई. मलेच वाटलं." निवृत्त माणसाला परसातल्या वांग्यांबद्दल काही वाटावं, काशीबद्दल वाटावं. काचेबद्दल वाटतं? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते बाथरूममधलं नव्हतं.

तू असतीस तर काचेत आंघोळ ही गोष्ट ऐकूनच तू तोंडाला पदर लावला असतास. घरामागच्या सांदवाडीत आपली न्हाणी होती. तीन बाजूंना बांबूचे तट्टे आणि चौथ्या बाजूला तुझं जुनं लुगडं. आंघोळीला जाण्याआधी तू तट्ट्याभोवती चक्कर मारायचीस आणि फट दिसली की चिंधी कोंबायचीस. शेजारच्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, तरी त्याच्या बाजूची फट तू आधी बुजवायचीस. मी मोठी होऊ लागले तेव्हा बाबांनी टिनाचं दार बसवलं आणि त्याला आतून कडी लावून दिली. मला वाटलं, आता मी राणी. पहिल्याच दिवशी मी कडी घातली, आणि तू बाहेरून दारावर असा हात मारलास की अख्खी न्हाणी हादरली. "कडी कायले लावली वं आतून? काय करून राहिली आत?" मी ओल्या अंगानं कडी काढली. तू आत आली नाहीस, नुसतं पाहून परत गेलीस. पुढे लग्न होईपर्यंत मी त्या घरात कडी न लावता आंघोळ केली. पोटच्या पोरीवर हिचा विश्वास नाही, हे तेव्हा मनात जाऊन बसलं ते बसलंच.

पण गुण तुझेच माझ्यात उतरले. काचेचं निघाल्यावर मी यांच्यावर नजर ठेवू लागले. हे कधी नव्हे ते साकोलीला जाऊ लागले. आमच्या भंडाऱ्यात काचेची दुकानं नाहीत का? "तिकडं चांगला माल भेटते," म्हणे. सकाळच्या बसनं जायचे, दुपारी परत यायचे, आणि हातात काचेच्या दुकानाचा साधा कागदसुद्धा नसायचा. नागपूरच्या लेकीशी फोनवर बोलताना ओसरीतून उठून अंगणात जायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुझा गडवा. लग्नात तू दिलेला तो पितळेचा गडवा हे रोज आंघोळीला घेत. सकाळी मी चहा ठेवत असले की आतून पाण्याचा आवाज यायचा, गडवाभर पाणी, मग थोडं थांबणं, मग पुन्हा गडवाभर. त्या आवाजावर माझा चहा उकळायचा म्हण ना. तो गडवा आता कोरडा दिसू लागला होता. हे उभ्यानंच, वरच्या जुन्या गळक्या शॉवरखाली आंघोळ उरकू लागले होते.

मी दोन आणि दोन जोडले. साकोलीच्या खेपा, लेकीशी कुजबुज, आणि मध्येच बाथरूम नवं करायची घाई. माणूस घर विकायला काढतो तेव्हाच असं सजवतो. लेक किती दिवसांपासून मागे लागली होती की नागपूरला या, आमच्याजवळ राहा. मला पक्कं वाटलं की बापलेकींनी मिळून ठरवलंय, आणि मला कळेल तेव्हा ट्रक दारात उभा असेल. या घरात मी सून म्हणून आले, इथेच माझे केस पांढरे झाले. रोज संध्याकाळी मी भिंतींकडे पाहायचे आणि मनातल्या मनात यांच्याशी भांडायचे. तोंडानं मात्र चकार शब्द काढला नाही. चोराला बेसावध ठेवून धरायचं, हे तुझंच शिकवणं.

मग एक दिवस हे म्हणाले, "चाल, तूच काच पाहून घे." मी लगेच तयार झाले. साकोलीला हायवेवर दुकान आहे. आत गेलं की एकाला एक लागून नमुने उभे, गुळगुळीत, हिरवट कडांचे. दुकानदार आमच्या लेकीच्या वयाचा, तोंड अखंड चालू. ही आठ एमएमची, ही दहाची, ही साफ, ही धुरकट. मी अंगठी पुढे केली आणि काचेच्या कडेवर टकटक केलं. तुला आठवतं? भंडाऱ्याच्या बाजारात पितळेची भांडी घेताना तू असंच करायचीस. गडवा घ्यायला गेलो होतो तेव्हा एकेक उचलायचीस, काठावर अंगठी मारायचीस आणि कान लावायचीस. चीर असली की आवाज भद्द येतो. भांडीवाला वैतागला होता, "बाई, घेणार का वाजवतच रायणार?" तू म्हणालीस, "माई पोरगी जन्मभर वाजवीन हा, मी आता वाजवून पायतो तं तुमचं काय जाते?" शेवटी जो खणखणीत बोलला तो घेतलास. काचेचा दुकानदार मात्र वैतागला नाही, घाबरला. धावतच आला. "काकू, काठावर नका मारू! टफन काच आहे, भट्टीत तापवून कडक केलेली, मदी किती बी ठोका, काई होत नाई. काठावर बारीकसा मार बसला का पूरा चुरा होऊन जाते."

झालं. मी यांच्याकडे पाहिलं. "आयकलं का? काठच कच्चा, आन् तुमाले काठ उघडा ठेवाचा आहे." चौकट असलेली घ्या, असं मी बरंच समजावलं. दुकानदारही मला धरून होता, कारण चौकटीचाही माल त्याच्याकडे पडून होता. हे म्हणाले, "चौकटीचं दार सरकवाचं रायते. अडकते. मले धक्का देल्ल्याबरोबर बाहेर उघडलं पायजे." दुकानदार म्हणाला, काका, बाहेर उघडलं तर पाणी बाहेर ठिबकेल. "ठिबकू दे." आतून कडी? "कडी नको. लोहचुंबक लाव." मग मी म्हटलं, बरं, निदान काच तरी धुरकट घ्या, माणसाची काही लाज असते. त्यावर हे एवढ्या जोरात बोलले की दुकानातली दुसरी गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. "धुरकट नाई! साफ पायजे. एकदम साफ!" लग्नापासून आजवर या माणसानं माझ्यासमोर अंगातलं बनियान काढलेलं मला आठवत नाही. अंधार झाल्याशिवाय शर्ट बदलायचा नाही. आणि याला साफ काचेत उभं राहून आंघोळ करायची आहे! माझा संशय तिथे पक्का झाला. घर विकत घेणाऱ्याला सगळं चकचकीत दिसलं पाहिजे ना.

दुकानदारानं बजावलं होतं, आधी फरशी लागू द्या, मग माप घेऊ, कारण ही काच एकदा भट्टीतून निघाली की नखाएवढीही कापता येत नाही. घरी येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत राहिले. हे मधूनमधून डोळे मिटत होते, समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरून. मला वाटलं, सोंग आहे. घरी आल्यावर पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही मी. सरळ विचारलं, "घर कोणाले विकून राहिले?"

हे माझ्याकडे पाहतच राहिले. मग हसले. माय, मला इतका राग आला. "हसता काय? साकोलीले कायले जाता? पोरीसंग काय खुसुरफुसुर चालते?" हे हसायचे थांबले आणि खुर्चीत बसले. "साकोलीले डाक्टरकडं जात होतो. इथल्या कंपाउंडरनं पायलं असतं तं संध्याकाळी तुले कळलं असतं. मले चक्कर येते वं. खाली वाकलो का येते. गडवा भराले वाकलो आन् डोळ्यापुढं अंधार आला, भिंतीले धरून बसलो. मंग उभ्यानंच आंग धुणं सुरू केलं." लेकीला सांगितलंत? "नाई. तिले काच कोठी भेटते थे विचारत होतो. चक्कर सांगतली असती तं तिनं तुले सांगतलं असतं." आणि मला? मला का नाही सांगितलं?  हे म्हणाले, "तू आदीच साऱ्यावर डोळा ठेवतं. मंग मले श्वास कोठी घेऊ देल्ला असता?"

आणि काच? ती साफच का? हे खाली पाहत बोलले. "गडव्यानं आंग धूत होतो तवा तुले चुलीपाशी आवाज येत होता. थांबला का तू हाक मारत होती, 'झालं का जी तुमचं?' शावरचं तसं नाई. थो चालूच रायते. माणूस पडला तरी आवाज थोच. मंग निदान दिसलं तरी पायजे."

मी चहा करायला म्हणून आत गेले आणि शेगडी न पेटवताच उभी राहिले. रडले, सांगून टाकते. मी त्या हाका घाई करायला मारत होते, माय. चहा निवतो म्हणून. आणि हा माणूस इतकी वर्षं समजत होता की मी राखण करते आहे. माझ्या हाकेवर याचा केवढा भरवसा!

मग तू आठवलीस. पुढच्या खोलीत बाबांचा हातमाग चालायचा, खटक-खटक, दिवसभर. तू मागच्या बाजूला बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरायचीस. माग थांबला की तुझा रहाटही थांबायचा. क्षणभर कान द्यायचीस, आणि नाही सुरू झाला तर हातातलं टाकून उठायचीस. बहुतेक वेळा बाबा तुटलेला धागा जोडत असायचे, नाहीतर कुणाशी बोलत. ते चिडायचे, "चोरावाणी मागं मागं काय फिरतं?" आळीत बायका म्हणायच्या, नवऱ्यावर पहारा आहे हिचा, बिडीही ओढू देत नाही. मीही तेच धरून बसले होते. आजोबा मागावर बसल्याबसल्या गेले, हेही मला माहीत होतं. तू तेव्हा नवी सून होतीस. माग थांबला होता आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं की म्हातारा जरा टेकला असेल, उठवू नका. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत. तू कडी काढायला लावायचीस ती मी आत काय करते हे बघायला नाही, वेळ आली तर आत येता यावं म्हणून. हे तू एकदा तोंडानं सांगितलं असतंस तर? पण तूही सांगणारी नव्हतीस आणि हेही नाहीत. मला दोन्हीकडून मुकी माणसं मिळाली.

मी यांना नागपूरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या बदलल्या, वाकणं बंद केलं, आणि आंघोळीला आतून कडी लावायची नाही म्हणून बजावलं. बाथरूमच्या बाहेरच्या दाराचीही कडी मी काढून टाकली. फरशी झाली, माप झालं, काच आली. बसवताना मी माणसांच्या डोक्यावर उभी होते, काठाला काही लागू नये म्हणून. साफ, पाण्यासारखी काच. दार ढकललं की बाहेर उघडतं, आणि पाणी ठिबकतं ते ठिबकतंच.

आता थंडी पडली आहे. हे आत जातात तेव्हा मी बाहेरचं दार अर्धं उघडं ठेवून पाटावर लाखोरीची कोवळी पालेभाजी खुडत बसते. पहिल्याच दिवशी गरम पाण्याची वाफ झाली आणि साफ काच पांढरी फटक. मला काही म्हणता काही दिसेना. भाजी मांडीवरून सांडली, मी उठले, तेवढ्यात आतून तळहात फिरला आणि त्या पुसलेल्या जागेतून यांचा एक डोळा माझ्याकडे पाहत होता. "आहो वं, आहो!" म्हणाले. तेव्हापासून रीतच झाली आहे. मधूनमधून हे काच पुसतात, आणि पुसायचं नसेल तेव्हा बोटानं वाजवतात, टक, टक. बरोबर मधोमध, काठाला नाही. टक यायला उशीर झाला की माझे हात थांबतात, तुझे थांबायचे तसे.

एक सांगायचं राहिलं. पडले का, उभे आहेत का, एवढंच पाहायचं असतं. पण मी त्याहून जास्त वेळ पाहते, माय. इतकी वर्षं संसार झाला आणि यांच्या पाठीवर डाव्या बाजूला तीळ आहे, हे मला आत्ता कळलं. हे तुला कळवायला हवं असं वाटतं, पण तुला अक्षर वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. आणि हे मी तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू देणार नाही.